तानूबाईचा उपास

कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या मागं जी वस्ती आहे, तिथल्या बायका संकष्टी आली की भाऊसोला भ्यायच्या. कारखान्यातली पाळी सुटली की हा गडी सरळ घरी जायचं सोडून सायकल हातात धरून गल्लीतनं हळूहळू चालत यायचा, आणि ज्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत नसेल त्या दारात थांबायचा.

"शालूबाई, चूल गार का गं?"

आतून शालूबाईचा मरगळलेला आवाज यायचा, "डोकं दुखतंय, दाजी."

"बरं दर संकष्टीला दुखतंय ते!" असं म्हणून भाऊसो पुढच्या दाराला.

धम्मदीक्षा झाली तेव्हा भाऊसो नऊ-दहा वर्षांचा असेल. देव कोनाड्यातून गेले, त्यांच्या जागी भिंतीवर दोन फोटो आले, पण उपास काही बायकांच्या पोटातून जाईना. भाऊसोच्या आईनं मात्र त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. आपल्या मागच्या लोकांनी काढले ते उपास देवासाठी नव्हते, घरात दाणा नव्हता म्हणून होते. आता दाणा आहे, तर गुमान जेवायचं. भाऊसोनं हे आयुष्यभर पाळलं आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावलं. महाशिवरात्रीला कारखान्याच्या कँटीनमध्ये तो मुद्दाम मधल्या टेबलावर बसून मिसळ खायचा. "पुनवंला विहारात अष्टशील धरून दुपारनंतर खात न्हाईत, त्ये मग काय?" असं शालूबाईनं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाला, "त्यात सकाळी पोटभर जेवत्यात. तुझ्यागत चहावर दिवस काढत न्हाईत." त्याच्याशी बोलण्यात कोण जिंकणार? त्याची बायको तानूबाई तेवढी पदराआड हसायची.

ही झाली जुनी गोष्ट. दोन हजार नऊ साली भाऊसो निवृत्त होऊन घरी बसला होता, आणि तानूबाईचा कॅन्सर परत आला होता.

आधी छातीत गाठ झाली होती. ती ऑपरेशन करून काढली, आणि सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास सोडला. आता डॉक्टर म्हणाले, यकृतात उतरलाय. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा भाऊसो त्यांच्या टेबलावरचा पेनांचा पेला बघत होता. त्यात एक पेन टोपणाशिवाय होतं. ते वाळून जाईल, एवढंच त्याच्या मनात आलं. दाढ काढताना भूल दिली की आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. हा इतका बोलका माणूस, वस्तीत कुणाचं मयत झालं तर सगळ्यांच्या आधी गळा काढणारा. स्वतःच्या बायकोचं ऐकल्यावर मात्र त्याला काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटत नाही याचं त्याला भ्या वाटलं. तेही थोडा वेळच.

मुलगा प्रसेनजीत विद्यापीठात संशोधन करत होता. कशावर, तर यीस्टवर. मळीत टाकलं की फेस काढतं तेच ते. त्याला उपाशी ठेवायचं आणि ते काय करतं हे सूक्ष्मदर्शकातून बघायचं, असं त्याचं काम. "सरकार पोराला जिवांना उपाशी मारायचा पगार देतंय," असं भाऊसो पूर्वी गल्लीत सांगायचा, आणि सांगताना छाती फुगलेली असायची.

किमो सुरू व्हायच्या आधी एका रविवारी प्रसेनजीत जेवणावर म्हणाला, "आई, किमोच्या आधी दोन दिवस तू काही खायचं नाहीस. नुसतं पाणी प्यायचं."

भाऊसोचा घास हातात राहिला. "म्हंजे?"

"आबा, तुम्ही बॉयलरवर होता. कारखाना जळण कुठलं वापरतो?"

"बगॅस. रस काढल्यावर जे चिपाड उरतंय, त्येच."

"म्हणजे स्वतःचंच. बाहेरून कोळसा आला नाही तर कारखाना आपलंच चिपाड जाळून चालतो. पेशीचं तसंच असतं. खायला मिळालं नाही की ती आपल्यातलंच जुनंपानं, मोडकंतोडकं खाते आणि त्यावर दिवस काढते. तेवढ्यात घरही साफ होतं. चांगली पेशी उपाशी पडली की वाढायचं थांबवून गप्प बसते. किमोचं औषध वाढणाऱ्याला धरून मारतं, गप्प बसलेल्याला फारसं लागत नाही. आणि कॅन्सरच्या पेशीला गप्प बसणं ठाऊकच नाही. ती सापडते. चांगली वाचते."

"हे माणसावर करून बघितलंय?"

"उंदरांवर झालंय. माणसांवर आता कुठं सुरू होतंय."

"आणि डाक्टर काय म्हणत्यात?"

प्रसेनजीतनं ताटाकडं बघितलं. "ते म्हणतात उंदराचं माणसाला लावू नका, वजन राखा. पण आबा, त्यांना रोज शंभर पेशंट. वाचायला वेळ कुठाय त्यांना?"

"माझ्या घरात उपास?" भाऊसो म्हणाला. ह्याच वाक्यावर एरवी पत्रे हलले असते. पण आवाज निघालाच नाही. शेजारच्या माणसाला वेळ विचारावी तसं ते वाक्य निघालं.

"हा उपास नाही आबा, उपचार आहे."

तानूबाई भाकरीचा तुकडा मोडत दोघांकडं बघत होती. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं, बाप लवकर गेलेला, आई दुसऱ्याच्या शेतावर. ती म्हणाली, "करते की मी. दोन दिसांचं काय एवढं? ल्हानपणी एवढं उपाशी ऱ्हायलो, तवा कुणी सांगितलं न्हाई का हे औषध हाय म्हणून. फुकट गेलं बघ सगळं." आणि ती हसली. प्रसेनजीत हसला नाही. पोरानं आईकडं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते मिळालं म्हणून त्याचा चेहरा उजळला होता, एवढं भाऊसोला दिसलं.

पहिल्या उपासाच्या दिवशी सकाळी शालूबाई दारात आली. तानूबाईचं दुखणं परत आल्यापासून ती दिवसातून एकदा डोकावून जायची. तिनं स्वयंपाकघराकडं मान वाकडी करून बघितलं.

"दाजी, आज तुमची चूल गार?"

भाऊसोनं चुलीकडं बघितलं. मग म्हणाला, "डोकं दुखतंय."

शालूबाईला हसू फुटलं होतं, ते तिनं गिळलं. असल्या घरात हसायचं नसतं हे तिला कळत होतं. ती आल्या पावली गेली. पण संध्याकाळपर्यंत वस्तीत झालं ते झालंच: भाऊसोच्या घरात उपास धरलाय, बायकोसाठी नवस बोललाय म्हणे. पारावर बसलेल्या दोघातिघांनी त्याला ऐकू जाईल असं म्हटलंही. एकेकाळी भाऊसोनं त्यांची पिढी उद्धरली असती. आता तो दुधाची पिशवी घेऊन त्यांच्यासमोरून गेला, आणि घरी आल्यावर त्याला आठवलं की दूध प्यायला आज घरात कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीत दुपारपर्यंत विद्यापीठात जाऊन येतो म्हणून गेला. घरात दोघंच. शेजारी कुणीतरी लसूण फोडणीला टाकला होता, त्याचा वास खिडकीतून आत आला. तानूबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. भाऊसोला वाटलं झोप लागली असेल. बघतो तर तिनं पदर पोटाभोवती गुंडाळून घट्ट आवळला होता आणि गाठ हातात धरून ठेवली होती. भूक लागलेल्या बायका असं करतात. त्याची आई करायची. आईनं असं केलं की त्या दिवशी काही मिळणार नाही हे लहानग्या भाऊसोला कळायचं, आणि तो विचारायचाच नाही.

भाऊसो उठला. आपण कुठं चाललोय याचा त्यानं काही विचार केला नव्हता. पाय शालूबाईच्या दारात जाऊन थांबले.

"शालूबाई, अळणी करून दे."

अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, तिखटाशिवाय, नुसतं हळद-मीठ-लसणाचं. कोल्हापुरात बाळंतिणीला नाहीतर आजाऱ्याला तेच देतात. शालूबाईनं आपल्या पोराला मटण आणायला सायकलवर पिटाळलं, कुकर लावला, आणि झाकलेलं पातेलं पदराआड घेऊन मागच्या दारानं स्वतः आणून दिलं. चोरून उपास करणारी बाई, चोरून जेवण पोचवणंही तिला बरोबर जमलं.

"अवं, पोराला शबूद दिलाय मी," तानूबाई म्हणाली.

"शबूद तू दिलायस. मी कुठं दिलाय? तोंड उघड."

तिनं उघडलं. पहिला चमचा गेला आणि तिचे डोळे मिटले. दुसऱ्या चमच्यानंतर तिनं वाटीच हातात घेतली. वाटी संपली तशी म्हणाली, "ह्यात जरा भात कुस्करून दिला असता तर." शालूबाई भातही घेऊन आली होती. तानूबाईनं तो मटामटा खाल्ला आणि बोटं चाटली. भाऊसो बघत बसला. त्याच्या त्या मेलेल्या अंगात कुठंतरी थोडी ऊब आली असावी. निदान त्याला घाम आला. मग वाटी धुवायला तो शालूबाईच्या मोरीवर गेला, म्हणजे पोराला आपल्या घरात वास नको.

त्याच्या दुसऱ्या दिवशी किमो दिली. तानूबाईला उलट्या झाल्या, पण लोक सांगत होते तेवढ्या झाल्या नाहीत. चौथ्या दिवशी ती उठून बसली. प्रसेनजीत घरभर फिरत होता. "बघितलंत आबा? बघितलंत? आपल्या पेशी गप्प बसल्या होत्या!"

"व्हय," भाऊसो म्हणाला.

खरं सांगायला तोंड उघडायचं म्हटलं तरी त्याला कंटाळा आला. दुःखाचा असा कंटाळा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. पोर सकाळी गेलं, शालूबाई मागच्या दारानं आली. या वेळी तानूबाईनं अर्धी वाटी घेतली. "ऱ्हाऊ द्या, मागनं घेते," म्हणाली आणि मागनं घेतली नाही. तिच्या केसांचा पुंजका उशीवर पडला होता. तो तिनं स्वतःच गोळा करून बोटाला गुंडाळला.

तिसऱ्या खेपेला तिनं वाटी मांडीत धरून ठेवली. वर चरबीची साय धरेपर्यंत धरून ठेवली. भाऊसोनं चमचा पुढं केला तर तिनं मान फिरवली. रागानं नाही, नुसतीच. "भूकच न्हाई वं. कुठं गेली कुणास ठावं. ल्हानपणी नको म्हटलं तरी यायची." मग वाटी त्याच्या हातात दिली. "तुमीच खावा. टाकू नगासा."

टाकायची या घराला सवय नव्हतीच. भाऊसो मागच्या दारात उभा राहिला आणि ते गार पाणी त्यानं घटाघटा पिऊन टाकलं. मीठ आहे की नाही ते काही कळलं नाही. शालूबाई आपल्या दारातून बघत होती.

हॉस्पिटलातल्या काट्यावर तानूबाई उभी राहिली तेव्हा नर्सनं काटा दोनदा तपासला. मग तपासण्या झाल्या, फोटो काढले. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि बोटानं दाखवलं, हे इथं होतं, आता इथवर आलंय. वाढलंय. शरीर आता आणखी किमो सोसणार नाही. घरी घेऊन जा, त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. भाऊसोनं मान हलवली. रिक्षात बसताना तानूबाईला त्यानं दोन्ही हातांनी उचललं, आणि ती किती हलकी झालीय याचंही त्याला काही वाटलं नाही. फक्त रिक्षावाला म्हणाला, "पावणं, सावकाश," तेव्हा हा आपल्याला पावणं का म्हणतोय, आपण तर इथलेच, असं उगाच मनात आलं.

विचार आला तो घरी आल्यावर आला, आणि मग उठून जाईना. पोरानं सांगितलं होतं, उपाशी ठेवायचं. मी ठेवलं नाही. चांगल्या पेशी गप्प बसायच्या होत्या, त्यांना मी बसू दिलं नाही. आयुष्यभर बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून जळण लोटलं, तसंच हिच्या पोटातल्या त्या आगीतही मीच लोटलं. त्याला हे सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि दिसून तो रडत नव्हता, जेवतही होता. माणूस असा असतो का, असं तो स्वतःला विचारायचा आणि उत्तर न देता आंघोळीला जायचा.

तानूबाई आता पाण्याचा चमचाही कसाबसा घ्यायची. प्रसेनजीतनं विद्यापीठात जाणं सोडलं होतं. एका दुपारी तो परसात आईची लुगडी पिळत होता. भाऊसो दगडावर बसला होता.

"आबा," प्रसेनजीत पिळा तसाच हातात धरून म्हणाला, "मी चुकलो."

भाऊसोनं वर बघितलं.

"ते चिपाडाचं सांगितलं होतं ना मी तुम्हाला. ते कॅन्सरच्या पेशीलाही जमतं. तिला मार बसला, उपाशी पडली, की तीही आपलंच खाऊन टिकते. औषधातूनसुद्धा निसटते. परदेशात तर आता उलटंच करून बघतायत, मलेरियाची गोळी देऊन तिचं हे खाणं बंद पाडता येतं का. मला हे माहीत होतं आबा. मी वाचलं होतं. पण जे आपल्याला हवं तेच मी खरं धरलं."

"म्हंजे उपासानं वाढलं?"

"माहीत नाही. सुरुवातीला हेच स्वतःला खाणं गाठ होऊ देत नाही, झाली की मग तिलाच जगवतं, असंही दिसतंय. आईच्या बाबतीत कुठलं झालं, कदाचित दोन्ही नाही, कुणीच सांगू शकत नाही. जगात कुणीच नाही." त्याच्या हातातल्या लुगड्याचं पाणी त्याच्याच पायावर गळत होतं. "ते जाऊ द्या आबा. ते गाठीचं जाऊ द्या. शेवटचे जेवता येण्याचे दिवस होते ते तिचे, आणि मी तिला उपाशी ठेवलं. आपल्या आईला. तिला भूक लागत होती, आणि मी इथं वाचत बसलो होतो."

खरं सांगितलं तर काय होईल हे भाऊसोला कळत होतं. आज ना उद्या पोराच्या मनात येणार, आबांनी उपास मोडला नसता तर आई कदाचित वाचली असती. बाप जिवंत असेपर्यंत ते मनात राहणार, पुढंही राहणार. नाही सांगितलं तर हे असंच, हातात पिळा घेऊन, हा उभा राहणार. दोन्हीत मधली वाट नव्हती.

"ती उपाशी न्हवती," भाऊसो म्हणाला.

"काय?"

"तू गेलास की मी तिला चारत होतो. शालूबाईकडनं अळणी करून आणायचो. तुला सांगितलं न्हाई."

प्रसेनजीतचा चेहरा कोराच राहिला. भाऊसो वाट बघत होता. शिवी दिली असती तरी चाललं असतं, हात उगारला असता तरी. प्रसेनजीतनं लुगडं दोरीवर टाकलं, ते नीट पसरलं नाही, तसंच टाकून तो बापासमोर खाली बसला.

"खाल्लं तिनं?"

"खाल्लं की."

"किती?"

"वाटीभर. वर भात कुस्करून मागितला. बोटं चाटत होती."

"बोटं चाटत होती?"

"व्हय. डोळं मिटून खाल्लं बघ पहिल्यांदा."

प्रसेनजीत बापाचं तोंड असं बघत होता, जणू तिथंच ते सगळं दिसणार आहे. त्यानं गाठीचं विचारलं नाही, औषधाचं विचारलं नाही. मग त्यानं विचारलं ते अगदी हळू.

"तिन्ही खेपेला?"

मांडीतली वाटी, तिच्यावर धरलेली साय, फिरवलेली मान. भाऊसोला सगळं दिसलं.

"तिन्ही खेपेला," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा तर दोन वाट्या घेतल्या. नको नको म्हणताना."

मग प्रसेनजीतनं गुडघ्यात डोकं घातलं आणि तो मोठ्यानं रडायला लागला, लहानपणी सायकलवरून पडल्यावर रडायचा तसा. शालूबाई आपल्या दारात येऊन उभी राहिली. तिनं शेवटचं ऐकलं असावं. तिनं भाऊसोकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली.

भाऊसोनं पोराच्या पाठीवर हात ठेवला. हाताला अजून काही कळत नव्हतं, पण त्यानं तो काढला नाही.